खुर्चीखालची पिवळी रेघ

स्क्रीन उजळली आणि खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं स्टार्ट बटण दिसलं. मधुसूदनने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. बटण तिथेच होतं. फुगीर, हिरवंगार, तिरप्या अक्षरांचं. आणि त्याच्या शेजारून निळी पट्टी थेट घड्याळापर्यंत गेलेली. ते बटण जगातून नाहीसं होऊन कितीतरी वर्षं झाली होती. या कॉम्प्युटरवर तर ते कधी नव्हतंच. हा त्याने उन्हाळ्यात नवा घेतला होता, जुना आता कधीही मान टाकेल असं दुकानदार म्हणाला म्हणून, आणि जुन्याने लगोलग मान टाकून दुकानदाराचा शब्द राखलाही होता. नव्यावर सगळी चित्रं पट्टीच्या मधोमध घोळका करून उभी. कडा गोल केलेल्या. एक फाइल शोधायला जावं तर हवामान, बातम्या, कुठल्या तरी नटीचं लग्न असं सगळं अंगावर यायचं. मधुसूदनला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण तसं त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. "फास्ट आहे," एवढंच म्हणाला होता आणि हळूहळू त्याच्यासमोर बसायचंच सोडून दिलं होतं. काल संध्याकाळी गॅसचा नंबर लावायला बसला तेव्हा सगळं नवंच होतं. आज हे. म्हणजे तो शिफ्टला असताना कोणीतरी या खुर्चीत बसलं होतं.

आज खंडेनवमी. कंपनीत पूजा झाली होती. प्रेसच्या यंत्रांना झेंडूच्या माळा, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू, आणि तपासणीच्या टेबलावर मोजमापाची सगळी हत्यारं ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू. दरवर्षी मधुसूदन ताट घेऊन येणाऱ्यांवर ओरडायचा, मायक्रोमीटरच्या तोंडाला लावू नका रे, बाहेरून दांड्याला लावा, आत एक कण गेला तरी खोटं बोलायला लागेल ते. सगळे हसायचे आणि नेमकं तोंडालाच लावायचे. घरी शैलानेही मॉनिटरच्या डोक्यावर झेंडू वाहिला होता आणि खालच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं उमटवली होती. तो झेंडू त्याने अलगद बाजूला केला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं, "शैला, कॉम्प्युटरला कोणी हात लावला होता?"

"मी पूजा केली ना सकाळी. पुसला, फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल माझ्याकडून. नाहीतर ते अपडेट का काय म्हणतात ते आलं असेल. का हो, बंद पडला का?"

"बंद नाही पडला."

"मग झालं तर. चहा टाकते."

त्याने एक विचारलं होतं आणि उत्तरं पाच आली होती. मधुसूदनचा अख्खा जन्म चाकणच्या एका कंपनीत आलेला माल तपासण्यात गेला होता. बाहेरच्या लहान-मोठ्या वर्कशॉपमधून पार्ट यायचे, खोके उतरायचे, आणि ते आत घ्यायचे की परत पाठवायचे हे तो ठरवायचा. लोक त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे चाळणी. एक गोष्ट त्याला अनुभवाने पक्की ठाऊक होती: माल आणणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर द्यायला लागला, की वरचं खोकं सोडून तळातलं उघडायचं. मालाच्या एका खेपेला तिथे लॉट म्हणत; त्याच्या हातून निसटलेला लॉट कोणी दाखवून द्यावा. माल थोडासा मापाबाहेर असला, पण चालून जाईल असा असला, तर साहेब लोक एक कागद करून त्यावर सही करत आणि माल आत घेत. याला डेव्हिएशनवर घेणं म्हणत. मधुसूदनने आजवर त्या कागदावर कधी सही केली नव्हती. करायची तर तुम्ही करा, म्हणायचा. डेव्हिएशनवर घेतलेला माल कायमचा डोक्याला ताप.

चहा पिताना तो शैलाकडे बघत राहिला. ती टीव्हीकडे बघत होती आणि टीव्हीवर जाहिरात होती. एरवी जाहिरात लागली की ती उठून काहीतरी करायची. आज जाहिरात अगदी मन लावून बघत होती. पहिल्यांदा त्याला बँक आठवली. पेपरात रोज येतं, लांब कुठे तरी बसून माणसं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतात आणि खातं धुऊन नेतात. त्याने मोबाइलवर खातं उघडून बघितलं, ते जिथल्या तिथे होतं. आणि चोर घरात शिरून घर जुन्यासारखं लावून जाईल कशाला? मग त्याला ज्ञानेश आठवला, कॉम्प्युटर बसवायला आलेला दुकानातला माणूस, केसांना काहीतरी चोपडून उभे केलेले, शैलाला काकू काकू करत दोनदा चहा प्यायलेला आणि जाताना "काही लागलं तर बिनधास्त फोन करा काकू" म्हणालेला. काकूंनाच का सांगितलं? पैसे तर काकांनी दिले होते. हा विचार कुठे चाललाय हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार गेला असं काही झालं नाही. तो अंगाला चिकटून राहिला, प्रेसच्या तेलासारखा, साबण लावला तरी वास राहतोच.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती, ती त्याने घरात घिरट्या घालत काढली. त्याच्या पुढच्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी ज्योतीराम होता. ज्योतीराम लातूरकडचा, प्रेसवर ऑपरेटर, आणि कॉम्प्युटरातलं त्याला बरंच कळायचं. बस नाशिक फाट्याचा पूल चढत होती. मधुसूदनने आपल्या एका मित्राचं म्हणून सगळं सांगितलं. ज्योतीरामने मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"आपोआप होत नसतंय काका ते. अपडेट आलं तर अजून नवं होतंय, जुनं कसं होईल?"

"मग?"

"कुणीतर बसून केलंय. त्याचं सॉफ्टवेअर येतंय एक, नव्यावर जुना चेहरा चढवायचं. उतरवून घ्यावं लागतंय, मग एक एक करून लावायचं. बटण येगळं, पट्टी येगळी, रंग येगळे, फोल्डर येगळे. मी बी केलतो एकदा, अर्ध्यात कटाळलो. आतून नवंच राहतंय बरं का. वरून जुनं."

"किती वेळ लागतो?"

"नीट कराय गेलं तर दीस जातो काका. तुमच्या मित्राचं लईच जीव लावून केलंय कुणीतर."

मधुसूदनने त्यातलं एवढंच ऐकलं, की दिवस जातो. दिवसभर कोणीतरी त्याच्या घरात बसलं होतं. जेवलंही असेल. मोशीच्या सिग्नलला बस थांबली, चाकणपर्यंत पुढे ट्रकांची रांग लागलेली, आणि त्याला एकदम आठवलं की परवा संध्याकाळी भाताचं भांडं मोठं होतं. दोघांच्या भाताला शैला पितळी पातेली घेते. परवा कुकरचं मोठं भांडं पालथं घातलेलं होतं कट्ट्यावर. सण म्हणून असेल. सणाला पुरण असतं, भात का वाढेल? तो दिवसभर गेज हातात घेऊन पार्ट तपासत होता आणि मनात भाताचं भांडं घासत होता.

शिफ्ट सुटल्यावर त्याने टेबलाच्या खणातून पिवळा पेंट मार्कर उचलला आणि खिशात घातला. कंपनीत नट आवळून झाला की नटावरून आणि खालच्या पट्टीवरून मिळून एकच रेघ मारतात. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते, कोणाला काही विचारावं लागत नाही. मधुसूदनचा या रेघेवर माणसांपेक्षा जास्त भरवसा होता. संध्याकाळी शैला खाली भाजी आणायला गेली तेव्हा तो गुडघे टेकून टेबलाखाली शिरला आणि कॉम्प्युटरच्या खुर्चीच्या मागच्या पायावरून फरशीपर्यंत एक बारीक पिवळी रेघ मारली. उठताना गुडघा वाजला. आपण काय करतोय हे, असं त्याला वाटलं, आणि तरी त्याने वाकून रेघ वाळली का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्याबरोबर, बूट काढायच्या आधी, त्याने खाली बघितलं. रेघ अखंड होती. पायावरची आणि फरशीवरची रेघ अशी जुळली होती, की मधे केस जाणार नाही. त्याला हायसं वाटलं. कोणी आलं नव्हतं, काही नव्हतं, भाताचं भांडं म्हणजे नुसतं भाताचं भांडं होतं. तो हात-पाय धुऊन आला, चहाचा कप तोंडाला लावला, आणि कप तसाच राहिला. शैला रोज फरशी पुसते. खुर्च्या सरकवून, टेबलाखाली हात घालून पुसते. आजही पुसली होती, फिनेलचा वास येत होता. मग खुर्ची हललीच असणार. हललेली खुर्ची परत अशी केसभरही न चुकता बसत नसते. एखादा वर्कशॉपवाला मापांचा कागद पाठवतो आणि त्यावर दहाच्या दहा मापं हुबेहूब सारखी असतात, तेव्हा मधुसूदन तो कागद फाडून टाकायचा. खरं मापलेलं थोडं इकडे-तिकडे होतंच. सगळं जुळलेलं असलं म्हणजे कोणीतरी बसून जुळवलेलं असतं. शैलाला रेघ दिसली होती. रेघ कशासाठी आहे हेही तिला कळलं होतं. आणि ती गुडघे टेकून, त्याच्यासारखीच, खुर्ची रेघेवर जुळवत बसली होती.

या विचाराने तो संशयापेक्षा जास्त हादरला. इतक्या वर्षांत तिने असं काय काय जागेवर ठेवून दिलं असेल, आणि आपण येऊन बघितलं असेल, आणि सगळं ठीक आहे असं वाटून चहा प्यायलो असू?

त्याने कॉम्प्युटर लावला. यावेळी बटणाकडे न बघता मागच्या चित्राकडे बघितलं. ते तर त्याला इतकं सवयीचं होतं, की त्या दिवशी नजरेत भरलंच नव्हतं. दापोडीच्या गल्लीत उभी केलेली त्याची जुनी स्कूटर, मागे रेल्वेच्या बाजूची भिंत, भिंतीवर वाळत घातलेली गोधडी. दापोडीच्या दोन खोल्यांत राहत असताना पहिला कॉम्प्युटर घेतला होता तेव्हापासून हाच फोटो त्यावर होता. मग त्याच्या लक्षात आलं, की हा फोटो इथे असूच शकत नाही. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती. त्यातलं काही म्हणजे काही निघालं नाही, असं त्या ज्ञानेशने सांगितलं होतं आणि डिस्क भंगारात गेली होती. फोटो दुसरीकडे कुठेतरी जपून ठेवलेला असणार. मधुसूदन पुढे झुकला. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक गुलाबी धूसर डाग होता. बोट होतं ते, फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याचं टोक. कंपनीत सूचना दिल्याबद्दल त्याला कॅमेरा बक्षीस मिळाला होता आणि पहिला फोटो मी काढणार म्हणून ऋचाने तो हिसकावून घेतला होता. बोट आलंय ग, असं तो म्हणाला तर ती म्हणाली होती, असू दे, म्हणजे मी पण फोटोत आहे.

ऋचा. त्याची मुलगी. जिचं नाव या घरात पाच वर्षं कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

त्याला आता कुठे काय शोधायचं ते कळत होतं. त्याने हिरवं बटण दाबलं, आणि एकट्याने खेळायचे ते पत्ते जिथे असायचे तिथे ते होते. जुनेच, हिरव्या कापडावरचे. गड्डीच्या पाठीवर समुद्रकिनारा, नारळाचं झाड आणि वर सूर्य. तो पत्त्याला हात न लावता बसून राहिला. दापोडीला ऋचा त्याच्या मांडीवर बसायची आणि त्याला पत्ता हलवू द्यायची नाही. बाबा थांबा, बाबा आत्ता नको. तो सूर्य मधेच, कोणाचं लक्ष नसताना, जीभ काढून दाखवायचा. क्षणभरच. ते बघायला ती श्वास रोखून बसायची, आणि त्याने जीभ काढली की अशी खिदळायची की खालून घरमालकीण विचारायची काय झालं. मधुसूदन बसून राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज थांबले होते. सूर्याने जीभ काढली. मधुसूदनने टेबलाची कड धरली. ती इथे बसली होती. याच खुर्चीत, दिवसभर, त्याच्यासाठी. आणि तो नसेल तो दिवस बघून.

तो नसेल तो दिवस. हे शब्द त्याला रात्रभर आणि नंतरही टोचत राहिले. ऋचाला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो सनी कसा मुलगा आहे याची त्याने चौकशी केली होती, कोणता बाप करणार नाही? पण त्याने ती त्याच्या पद्धतीने केली होती. भोसरीच्या ज्या वर्कशॉपमध्ये सनी मशीन चालवायचा तिथे तो गिऱ्हाईक म्हणून गेला, आणि सनीने केलेला एक पार्ट खिशातल्या व्हर्नियरने मोजून बघितला. माप अगदी बरोबर होतं, आणि त्याचाच त्याला राग आला. टपरीवाल्याला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, आधीच्या मालकाला विचारलं. शेवटी दापोडीला सनीच्या घरापर्यंत जाऊन पोचला. सनीची आई दारात तांदूळ निवडत होती. तिने हा कोण, कशाला आला हे काही न विचारता सतरंजी टाकली आणि म्हणाली, "बसा की पावनं, चा ठिवते." तो उभाच राहिला. घराच्या भिंती, पंखा, कोपऱ्यातला पाण्याचा पिंप बघत राहिला. तिने चहा आणून पुढे केला तेव्हा नको म्हणाला आणि निघून आला. चहाचं त्याने घरी कोणाला सांगितलं नाही. बाकी सगळं ऋचाला कळलंच. "बाबा, तो माणूस आहे हो, लॉट नाही," ती या इथे, याच टेबलाला टेकून म्हणाली होती. मुलात काय खोट आहे ते मधुसूदनला शेवटपर्यंत सांगता आलं नव्हतं. खोट एवढीच होती की त्याला न विचारता आलेला होता. शैला मध्ये पडली, त्याच्याच भाषेत म्हणाली, "अहो, एकदा डेव्हिएशनवर घ्या की." आणि तो ऋचाला म्हणाला, "गेलीस तर परत या घरात यायचं नाही." ती गेली. मधुसूदनचा शब्द तिने अक्षरशः पाळला, असं तो पाच वर्षं समजत होता.

मग तो असा वागला, की वागून झाल्यावर त्याला ते कळलं. शुक्रवारी त्याने शैलाला काही न सांगता अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. चाकणहून बसने भोसरी, तिथून रिक्षाने रहाटणीला घरी. रिक्षात त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: रंगेहाथ. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार उघडेल, दोघींचे चेहरे बघायचे, एवढंच. सोसायटीचा जिना तो पाय न वाजवता चढला आणि आपल्या मजल्याच्या अर्ध्या जिन्यावर थांबला. वर दाराशी एक अनोळखी चप्पल होती, टाचेला झिजलेली. ऋचा लहानपणापासून टाचा घासत चालते. आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं लावलेलं, आणि जाळीतून आवाज सरळ खाली येत होता.

"हसू नकोस ग," शैला म्हणत होती. "पायापासून फरशीपर्यंत पिवळी रेघ मारून ठेवलीय. रोज पुसून झालं की मी गुडघे टेकून जुळवत बसते."

आणि ऋचा हसली. शेवटी नाकातून घुर्र आवाज काढत, जसं ती हसायची तसंच. "रेघ मारली? म्हणजे बाबा ठणठणीत आहेत."

"तुला काय जातंय. मला विचारतात ना."

"पत्ते खेळतात का पण?"

"खेळतात कसले. डाव मांडतात आणि नुसते बघत बसतात. परवा एकटेच डोळे पुसत होते. मी आत आलेच नाही."

मधुसूदनने कठड्यावर हात ठेवला. मग शैला हळू म्हणाली, "भेट ना आता एकदा. मी असते मध्ये."

"नको आई."

"ओरडणार नाहीत ते आता."

"ओरडले तर चालेल ग. बघतील ना ते माझ्याकडे. बारीक झाले का, कानात काय आहे, चप्पल केवढ्याची आहे, सुखी आहे का नाही. वरपासून खालपर्यंत. मला तसं उभं राहायला जमत नाही त्यांच्यासमोर. म्हणून तर हे केलं. कॉम्प्युटर बिचारा उभा राहतो."

मधुसूदनच्या डोळ्यांसमोर त्या चपलेची झिजलेली टाच होती. ती त्याने आल्या आल्या तपासली होती. केवढ्याची असेल तेही मनात येऊन गेलं होतं. बेल चार पायऱ्यांवर होती. एक पाऊल वर टाकलं असतं तर पाच वर्षांनी ती दिसली असती. तो खाली उतरला.

सोसायटीच्या फाटकासमोर रसवंती आहे. तो तिथे भिंतीकडे तोंड करून बसला आणि रस मागवला. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. घुंगरू लावलेला चरक फिरत होता, आणि तो घुंगरांपलीकडचं ऐकत होता. बऱ्याच वेळाने फाटकाशी स्कूटी सुरू झाली. एकदा बंद पडली, परत सुरू झाली. मागे वळायला मानेला किती लागतं? मधुसूदनची मान दुखेपर्यंत ताठ झाली होती. वळला असता तर त्याने बघितलं असतं, आणि बघितलं असतं तर तपासलं असतं, दुसरं काही त्याला येत नव्हतं. स्कूटी काळेवाडीच्या बाजूला गेली. आवाज गेल्यावरही तो भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे बघत बसला. रोजची बस यायची वेळ झाली तसा उठला आणि रोजच्यासारखा घरी गेला.

"आज गर्दी नव्हती वाटतं," शैला म्हणाली.

"नव्हती," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. तीही काही कमी नव्हती.

शनिवारी सकाळी शैला अंघोळीला गेली तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलाजवळची दुसरी खुर्ची उचलून कॉम्प्युटरच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. दापोडीला ऋचा मांडीत मावेनाशी झाली तेव्हा तिला असंच शेजारी स्टूल दिलं होतं. मग मार्कर काढला, गुडघे टेकले, आणि दुसऱ्या खुर्चीच्या पायावरून फरशीपर्यंत एक रेघ मारली. जरा जाडच मारली, सहज दिसेल अशी. घाईत रेघ वाकडी आली. डबा घेतला आणि शिफ्टला गेला. दिवसभर त्याने पार्ट तपासले. ज्योतीरामने विचारलं, "काका, मित्राला कळलं का कुणी केलतं ते?" तो म्हणाला, "कळलं." "कोण?" "घरचंच होतं कोणीतरी." ज्योतीराम म्हणाला, "मी म्हणलोच होतो की."

संध्याकाळी त्याने दार उघडलं आणि बूट काढायच्या आधी खाली बघितलं. दोन्ही रेघा तुटल्या होत्या. पहिली खुर्ची बोटभर मागे गेलेली. दुसरी तर तिरकी झाली होती, पहिलीकडे तोंड करून, दोघं बसून बोलत असले म्हणजे होते तशी, आणि तिची रेघ फरशीवर एकटीच उरली होती. कोणी काही जुळवलं नव्हतं. इकडे-तिकडे झालेलं, खरंखुरं माप होतं ते. मधुसूदन बुटांसकट उभा राहिला. त्याला बरं वाटलं. आणि लगेच, सवयीने, दुसरा विचार आला: हेही मुद्दाम केलं असेल तर? त्याला काय पटतं हे त्या दोघींना पुरतं ठाऊक आहे. सरळ ठेवलं तर संशय येतो, म्हणून तिरकं ठेवलं असेल. तो वाकला. किती तिरकं आहे ते बघायला त्याने बोट फरशीवर टेकवलं. मग बोट तसंच राहिलं. मुद्दाम तर मुद्दाम. घेऊ. डेव्हिएशनवर घेऊ.

मान वर केली तर शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर खोचलेला, हातात लाटणं, आणि तो काय बोलतो याची वाट बघत होती.

"सोमवारपासून मला सेकंड शिफ्ट," तो फरशीवरूनच म्हणाला. "सकाळी घरी असतो मी."

"माहीत आहे."

"तुला नाही सांगत."

"तिलाही माहीत आहे. तुमच्या शिफ्टा तुमच्यापेक्षा तिला जास्त पाठ आहेत."

कधीपासून, असं त्याच्या अगदी तोंडाशी आलं. किती वेळा, कोणकोणत्या दिवशी, सणाला येते का, मी आजारी होतो तेव्हा आली होती का. एक विचारलं की त्यातून दुसरं निघणार होतं. त्याने ते सगळं गिळलं.

"तिला म्हणावं, नको येऊस," तो म्हणाला. शैलाचा चेहरा पडला तसा घाईघाईने पुढे बोलला, "उद्या रविवार आहे. मीच जातो दापोडीला. तू चल. तिला सांग, मी काही बघणार नाही, काही मोजणार नाही. बसून येईन नुसता."

शैलाने लाटणं धरलेल्या हाताने डोळे पुसले, कणीक लागली गालाला. "मोजाल हो तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्याने राहवणार आहे का? मोजा हवं तर. पण या वेळी विहीणबाईंनी चहा दिला तर तेवढा प्या."

मधुसूदन एक बूट काढून तसाच बसून राहिला. चहाचं त्याने घरी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.